टेन्साइल पास, तरी नापास

टेन्साइल रिपोर्टवर (धातूचा तुकडा ओढून तोडायच्या चाचणीच्या) सही माझीच असते, तरी सांगते: ॲल्युमिनियम गंजलेलं असेल तर त्या आकड्याच्या भरवशावर निवांत बसू नये.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझी छोटी टेस्टिंग लॅब आहे. काम येतं ते बहुतेक शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांचं. विमानाशी आमचा संबंध उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरताना डोक्यावरून जातं तेवढाच. पण इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एक पोरगा प्रोजेक्टसाठी २०२४ चे पीस घेऊन आला (हे साल नव्हे, विमानाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूची ग्रेड आहे). निम्मे कोरे, निम्मे मिठाच्या पाण्यात मुरवलेले. शेजारचे लेथवाले मामा म्हणाले, "ॲल्युमिनियम कुठं गंजतंय व्हय ताई? उगंच पोराचं पैसं घालवू नगासा."

यूटीएमवर, म्हणजे ओढून तोडायच्या मशीनवर, लावल्यावर मामांचंच खरं ठरतंय असं वाटलं. तुटतानाचा लोड थोडासाच उतरला होता. इलाँगेशन, म्हणजे तुटण्याआधी पीस किती ताणला जातो ते, मात्र पार खाली. कोरा पीस चांगला ताणला जाऊन मग तुटला. मुरवलेला फारसा न ताणताच कट्‌कन गेला. मामांच्या हातात भिंग दिलं. तुटलेल्या तोंडाच्या कडेला एक काळा खड्डा, अर्ध्या मिलिमीटरचाही नसेल, आणि तडा बरोबर तिथूनच निघालेला.

शुद्ध ॲल्युमिनियम खरंच सहसा गंजत नाही, त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप बसतो. पण त्याची ताकद जेमतेम ९० एमपीए (मेगापास्कल, ताणाचं माप). त्यात विमान उडायचं नाही. १९०६ च्या सुमारास जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना सापडलं की थोडं तांबं आणि मॅग्नेशियम घालून, तापवून, पाण्यात विझवून ठेवून दिलं की ते दिवसांगणिक कडक होतं. आजच्या २०२४ मध्ये तांबं साडेचार टक्क्यांच्या आसपास, आणि टी ३ टेंपरमध्ये (टेंपर म्हणजे धातू कसा तापवून-विझवून कडक केला तो प्रकार) ताकद ४८० एमपीएच्या घरात. गंमत अशी की घात करतं तेही तांबंच. धातूच्या पोटात तांब्याचे बारीक कण राहतात, खारं पाणी लागलं की तिथे छोटी बॅटरीच तयार होते आणि कणाभोवतीचं ॲल्युमिनियम विरघळतं. लोखंडासारखी वरून खपली धरत नाही, एका जागी खोल खड्डा पडतो. म्हणून विमानाच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर लाटून देतात. पोराचा माल त्या थराशिवायचा होता.

आता खरा मुद्दा फटीगचा, म्हणजे पुन्हापुन्हा ताण बसून धातू थकण्याचा. प्रत्येक उड्डाणात केबिनमध्ये हवेचा दाब भरतो आणि उतरतो, म्हणजे पत्रा दर फेरीला ताणला जातो. गुळगुळीत पत्र्यात तडा सुरू व्हायलाच आयुष्याचा मोठा भाग जातो. खड्डा आधीच असेल तर तेवढा काळ वजाच. २८ एप्रिल १९८८ ला हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं छत हवेतच उडालं, एक हवाई सेविका गेली. त्या विमानाची ८९,६८० उड्डाणं झाली होती, तीही समुद्रावरच्या दमट, खाऱ्या हवेत. पत्र्यांच्या जोडातला चिकट थर ओलाव्याने सुटला, गंज धरला, सगळा भार रिव्हेटांवर आला आणि भोकाभोकातून तडे निघून एकमेकांना मिळाले.

७०७५ या दुसऱ्या ग्रेडची कथा आणखी वेगळी. त्यात जस्त असतं, टी ६ टेंपरमध्ये ताकद ५७० च्या आसपास. पण लाटून चपटे झालेले धातूचे स्फटिककण कडांनी गंजायला लागले की गंज जास्त जागा मागतो आणि धातूला चिरोट्यासारखे पापुद्रे सुटतात. त्याहून वाईट म्हणजे, जाड प्लेटला जाडीच्या दिशेने नुसता ५० एमपीएच्या आसपास ताण सतत राहिला आणि ओल असली, तरी तो तडकू शकतो. दाब चढायला-उतरायला नको, काही नको. यूटीएमवर हे कुठून दिसणार?

त्यावर टी ७३ नावाचं टेंपर आहे, भट्टीत मुद्दाम जास्त वेळ मुरवलेलं. ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते, पण तडकण्याची खोड जवळपास जाते. माझ्या एखाद्या पार्टीपुढे दोन्ही रिपोर्ट ठेवले तर डोळे झाकून टी ६ उचलेल. विमानवाले जाड फोर्जिंगला टी ७३ घेतात, भाग थोडा जाड करतात आणि वाढलेलं वजन चालवून घेतात.