तुम्ही विचारलंत म्हणून : रुमालाखालचा भाव

जळगाव असो, शिरपूर असो की शहादा, मोबाइलच्या सुरक्षेचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "दपाडासारखं काय शे आमनाजोडे? लपवण्यासारखं काहीच नाही, मग हे एन्क्रिप्शन कशाला? उलट सरकारजवळ एक जादा किल्ली राहिली तर चोर तरी सापडतील." प्रश्न प्रामाणिक आहे, तेव्हा उत्तरही नीट द्यायला हवं.

बैलबाजार आठवा. दोन माणसं समोरासमोर उभी, हातावर रुमाल, आणि रुमालाखाली बोटं धरून भाव चाललेला. भोवती वीस-पंचवीस जण. सौदा कोणाचा कोणाशी चाललाय, किती वेळ चाललाय, हे सगळ्यांना दिसतं. आकडा मात्र दोघांनाच कळतो. त्या दोघांनी कोणाचं काही चोरलेलं नाही. भाव फुटला तर पुढचं गिऱ्हाईक तोच धरून बसेल, म्हणून रुमाल. एन्क्रिप्शन म्हणजे हा रुमाल : निरोप अशा गुप्त रूपात बदलायचा, की किल्ली असलेल्यालाच तो वाचता यावा.

सावद्याच्या केळीवाल्याने दिल्लीच्या व्यापाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर बँकेचा खाते क्रमांक पाठवला, असं समजा. हा निरोप टॉवर, केबल, कंपनीचे सर्व्हर असा कितीतरी परक्या हातांतून जातो. तो उघडा गेला तर वाटेत कोणी वाचेल, ही भीती आहेच. त्याहून वाईट म्हणजे कोणी शेवटचे चार आकडे बदलून पुढे पाठवेल. गाडी दिल्लीत उतरेल, पैसे भलत्याच खात्यात जातील, आणि दोघेही एकमेकांना लबाड म्हणतील. चांगलं एन्क्रिप्शन निरोप झाकतं, शिवाय त्यावर मोहोरही उठवतं. वाटेत एक अक्षर बदललं तरी मोहोर जुळत नाही आणि समोरचा फोन तो निरोप स्वीकारत नाही. लपवण्यासारखं काही नसलेल्या माणसालाही ही मोहोर लागतेच.

किल्ली मात्र कंपनीकडे नसते. कधीही न भेटलेल्या दोघांनी उघड्यावर बोलून एक गुप्त आकडा कसा ठरवायचा, याचं गणित डिफी आणि हेलमन या दोन संशोधकांनी १९७६ मध्ये मांडलं. त्याच वाटेने दोन्ही फोन आपापसात किल्ल्या ठरवतात. व्हॉट्सअ‍ॅपवर एप्रिल २०१६ पासून सगळे निरोप असे 'एंड-टू-एंड', म्हणजे पाठवणाऱ्याच्या फोनपासून घेणाऱ्याच्या फोनपर्यंत, बंद होऊन जातात. टेलिग्रामच्या साध्या चॅटला ही सोय नाही, फक्त 'सीक्रेट चॅट'ला आहे. साध्या एसएमएसला तर नाहीच.

कुलूप किती मजबूत? डीईएस या एन्क्रिप्शनच्या जुन्या पद्धतीची किल्ली ५६ बिटांची (बिट म्हणजे शून्य किंवा एक) होती, म्हणजे शक्यता सतरा आकडी. १९९८ मध्ये अडीच लाख डॉलरांच्या आत बांधलेल्या एका यंत्राने ती ५६ तासांत शोधली. आजच्या एईएस पद्धतीची सगळ्यात लहान किल्ली १२८ बिटांची, शक्यता ३९ आकडी. सेकंदाला लाख कोटी किल्ल्या लावून पाहिल्या तरी सगळ्या संपायला एकावर एकोणीस शून्यं इतकी वर्षं लागतील. म्हणून चोर आता कुलपाच्या वाटेला जात नाही. तो खिडकी शोधतो.

आता त्या जादा किल्लीबद्दल. पोलिसांची अडचण खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण किल्ली हातात कोणी धरलीय हे कुलपाला कळत नाही. ग्रीसमध्ये एका मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत कायदेशीर टेहळणीची सोय होती. २००४-०५ मध्ये कोणीतरी तीच सोय गुपचूप चालू करून खुद्द पंतप्रधानांसह शंभराच्या आसपास लोकांचे फोन ऐकले. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या दूरसंचार कंपन्यांत चीनचे हॅकर शिरल्याचं उघड झालं. कोर्टाच्या हुकमाने ऐकण्यासाठी केलेल्या यंत्रणेपर्यंत ते पोहोचले होते. त्या डिसेंबरात तिथल्याच सरकारी अधिकाऱ्यांनी लोकांना सांगितलं, एन्क्रिप्शन असलेली अ‍ॅप वापरा. आरोपीचा फोन जप्त करता येतो, बँकेचे व्यवहार मागवता येतात, कोण कोणाशी कधी बोललं हे तपासता येतं. एवढ्या वाटा असताना सगळ्या गावाच्या दारांना एकच किल्ली चालेल असं करणं मला धोक्याचंच वाटतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो काही फक्त लपवणाऱ्यांसाठी नव्हे.

एन्क्रिप्शन जिथे पोहोचत नाही, तेही सांगायला हवं. सध्या लग्नसराईत 'पत्रिका' म्हणून एपीके, म्हणजे फोनवर अ‍ॅप बसवणारी, फाइल येते. निरोप वाटेत सुरक्षितच असतो, पण फाइल बसवली की ती एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि तुमच्याच फोनवर उघडलेला ओटीपी उचलते. फोटो किंवा पीडीएफ उघडताना 'इन्स्टॉल' विचारलं जात नाही. विचारलं, तर ती पत्रिका नाही. सेटिंग्जमध्ये 'अननोन अ‍ॅप्स'च्या यादीत व्हॉट्सअ‍ॅपची परवानगी बंद ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा, उद्यावर टाकू नका.

दुसरी खिडकी बॅकअपची. चॅट कुलुपात असतात, पण गूगल ड्राइव्हवरच्या त्यांच्या प्रतीला हे कुलूप आपोआप लागत नाही. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप' इथे जाऊन ते चालू करा. पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली निवडलीत तर ती वहीत लिहून कपाटात ठेवा. हरवली तर कंपनीसुद्धा तो बॅकअप उघडून देऊ शकत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर प्रत्येक चॅटच्या किल्ल्यांवरून ६० अंकी 'सिक्युरिटी कोड' बनतो. व्यापाऱ्याचा हा कोड बदलल्याची सूचना आली तर बहुधा त्याने फोन बदलला असेल. पण त्याच दिवशी नवा खाते क्रमांक आला असेल तर पैसे थांबवा, जुन्या नंबरवर फोन लावा, आवाज ओळखा. भेट झाली की दोघांच्या फोनवरचा हा कोड ताडून पाहा. कोड बदलल्याची सूचना आपोआप येत नाही, सेटिंग्जमध्ये अकाउंटमधल्या 'सिक्युरिटी नोटिफिकेशन्स'मध्ये चालू करावी लागते.

मजबूत कुलपाला कच्ची किल्ली कशी असते, ते ई-आधारच्या पीडीएफमध्ये बघा. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. नाव माहीत असलेल्याला उरतात जेमतेम शंभर सालं. त्यामुळे ई-सेवा केंद्रात काम असेल आणि चालत असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं 'मास्क्ड आधार' द्या. फाइल व्हॉट्सअ‍ॅपने पाठवलीत तर एन्क्रिप्शन त्या संगणकापाशी संपतं. काम झाल्यावर समोर उभं राहून ती डिलीट करायला सांगा. स्वतःचं व्हॉट्सअ‍ॅप तिथे जोडलं असेल तर दुकानाबाहेर पडण्याआधी 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा आणि त्या संगणकाला लॉग आउट करा.