आत्यासाठी जागा बघायला गेलो होतो

आज पुण्याबाहेरचा एक वृद्धाश्रम बघून आलो. (नाव विचारू नका.) ऑफिसात एसी, चहा-बिस्किटं, भिंतीवर भजनाचे आणि वाढदिवसांचे फोटो. स्वयंपाकघर स्वच्छ होतं, वरणाला चवही होती. खोटं कशाला बोलू!

मग म्हटलं, बाथरूम दाखवा. बाई जरा गडबडल्याच. गुळगुळीत फरशी, कमोडशेजारी धरायला दांडा नाही, कडी फक्त आतून. एखादी आजी आत पडली तर? "अजून तसं कधी झालं नाही हो." जिन्यापाशी आग विझवायचं नळकांडं होतं, रिफिलची तारीख उलटून वर्ष झालेलं.

रात्री बावीस जणांना एकच मावशी. त्यातले चौघे अंथरुणाला खिळलेले. त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायला हवं, नाहीतर पाठीला जखमा होतात. एकटी बाई कुणाकुणाला वळवणार? औषधांची वही मात्र चोख. इतकी चोख, की रात्रीच्या गोळ्यांपुढे दुपारी तीनलाच टिक!

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यात दर जिल्ह्यात निदान 150 निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा सरकारी वृद्धाश्रम सांगितलाय. इथे तर डिपॉझिट भरणाऱ्यांची ही तऱ्हा.

निघताना व्हरांड्यातल्या आजोबांनी विचारलं, "कोणाला आणताय?" मला उत्तरच सुचेना.

घरी आल्यावर आत्यानं विचारलं, "कशी आहे रे जागा?"

म्हटलं, "लांब पडेल गं."