रॅकवर ठेवलेली पिशवी

शुक्रवार, २५ जुलै २०२५

सोमवारी मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यातील बाराही आरोपींना निर्दोष ठरवले. त्यांपैकी एक जण २०२१ मध्ये तुरुंगात असतानाच कोरोनाने वारला होता, त्यामुळे त्याच्या बाबतीत हा न्याय मरणोत्तर ठरला. काल सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला एवढ्यापुरतीच स्थगिती दिली की इतर खटल्यांत तो दाखला म्हणून वापरता येणार नाही. सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जावे लागणार नाही. या आठवड्यात वाहिन्यांवर जे बोलले गेले त्यातले बरेचसे तपासाविषयी आणि राजकारणाविषयी होते. जे त्या डब्यांतून जिवंत बाहेर आले, त्यांच्या घरात या निकालाने नेमके काय हलवले, हे मला कुठे ऐकायला मिळाले नाही. म्हणून आमच्या घरापुरते लिहून ठेवते आहे.

तो मंगळवार होता. संध्याकाळी सहा वाजून चोवीस मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि पुढच्या अकरा मिनिटांत एकूण सात. चर्चगेटहून उपनगरांकडे निघालेल्या पश्चिम रेल्वेच्या सात लोकल, आणि प्रत्येकीत फर्स्ट क्लासचा डबा. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड ही स्थानकांची नावे त्या रात्री वृत्तवाहिन्यांवर एकामागून एक सरकत राहिली. १८० हून अधिक माणसे गेली, ८०० हून अधिक जखमी झाली. मृतांचा आकडा वेगवेगळ्या ठिकाणी थोडा वेगळा दिसतो, कारण काही जखमी नंतर दगावले, त्यातही एक तर कित्येक वर्षांनी. जखमींचा आकडा मात्र एकदा छापला गेला आणि तसाच राहिला. त्या आठशेंतले कोण पुढे कसे जगले, याची नोंद ठेवणे कोणाचेच काम नव्हते.

दादा तेव्हा तिशीत होता आणि मुंबई सेंट्रलजवळच्या एका कार्यालयात हिशेबाचे काम पाहत असे. मोबाइल लागत नव्हते, पाऊस होता, आणि तो आम्हाला रात्री उशिरा एका सरकारी रुग्णालयाबाहेर लावलेल्या यादीत सापडला. रुळांलगतच्या वस्त्यांतल्या लोकांनी घरातल्या चादरी आणून त्यांच्या झोळीतून जखमींना रस्त्यापर्यंत पोचवले होते. दादाही असाच पोचला. ते लोक कोण, हे त्याला कधी कळले नाही. तो त्यांच्याविषयी फार बोलतही नाही. फक्त वांद्रे सोडल्यावर त्या बाजूच्या खिडकीकडे पाहतो.

बंद डब्यातला स्फोट हा मोकळ्या मैदानातल्या स्फोटापेक्षा शरीराला अधिक घातक असतो, हे मला पुढे त्याच्या कानाच्या डॉक्टरांकडून कळले. दाबाची लाट पत्र्यावर आदळून परत येते आणि माणूस तिच्या तडाख्यात पुनःपुन्हा सापडतो. कानाचा पडदा हा शरीरातला या दाबापुढे सर्वांत आधी हार मानणारा भाग. दादाचे दोन्ही पडदे फाटले. एक आपोआप भरून आला, दुसऱ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली, आणि आतल्या कानाला झालेली इजा कायमची राहिली. उंच पट्टीचे आवाज त्याला ऐकू येत नाहीत. त्याऐवजी कानात एक बारीक शीळ वाजत राहते, जी दिवसा गोंगाटात बुडते आणि रात्री एकटी उरते. खांद्यात गेलेले काचेचे कण पुढे कैक वर्षे वर येत राहिले. एकदा तर केस कापताना मानेशी काहीतरी टोचले म्हणून न्हाव्यानेच हात थांबवला होता.

त्याच डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगितली नसती तर बरे झाले असते असे मला अजून वाटते. एवढ्या जवळून वाचलेला माणूस बहुतेक वेळा गर्दीमुळे वाचलेला असतो. त्याच्या आणि स्फोटाच्या मध्ये जी माणसे उभी असतात, त्यांच्या अंगावर ते सगळे जाते. डॉक्टर शास्त्र म्हणून बोलले. दादाने ते हिशेब म्हणून ऐकले.

भरपाईचे प्रकरण थोडक्यात आटोपते. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १२४-अ प्रमाणे दहशतवादी कृत्य ही ‘अनुचित घटना’ ठरते आणि त्यात रेल्वेचा दोष सिद्ध करावा लागत नाही. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. मृत्यूसाठी तेव्हा ४ लाख रुपये ठरलेले होते, २०१७ पासून ते ८ लाख झाले. नियमांना जोडलेल्या अनुसूचीत कोणता अवयव कुठून तुटला तर किती, हे एकाखाली एक लिहिलेले आहे. यादीत न बसणाऱ्या दुखापतीसाठी वेदना आणि यातनांपोटी न्यायाधिकरण रास्त वाटेल ती रक्कम ठरवू शकते. दादाला त्या यादीत कुठे बसवायचे यावरच वकिलांचा बराच वेळ गेला. कायद्याला कुठेतरी रेघ ओढावी लागते हे मान्य आहे, आणि ती यादी करणाऱ्याला मी क्रूर म्हणणार नाही. पण संध्याकाळी सहाच्या सुमारास हात गार पडणे, ही दुखापत हाताच्या रकान्यात लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या धावत होत्या आणि भरलेल्याही होत्या. शहराच्या धैर्याचे कौतुक देशभर झाले. आठवड्याने, १८ जुलैला, संध्याकाळी सहा पंचविसाला भोंगे वाजवून शहराने दोन मिनिटे शांतता पाळली, तेव्हा दादा खाटेवर होता आणि त्याला भोंगा ऐकू आला नाही. ते कौतुक खोटे होते असे मी म्हणत नाही. चादरी घेऊन धावलेले लोक खरेच होते. पण दुसऱ्या दिवशीची गर्दी ही धैर्याची होती की दुसरा मार्ग नसल्याची, हे विचारायला कोणी थांबले नाही. काही महिन्यांनी दादाही त्याच मार्गाने कामावर जाऊ लागला, कारण नोकरी तिथेच होती. त्याने फर्स्ट क्लासचा पास काढणे मात्र सोडले, आणि तेव्हापासून तो रॅकखाली उभा राहत नाही.

रॅकचे कारण आम्हाला फार उशिरा कळले. मुंबईच्या लोकलमध्ये दारातून आत शिरलेला माणूस आपली बॅग पुढच्याच्या हातात देतो, तो ती त्याच्या पुढच्याला देतो, आणि खिडकीकडचा कोणीतरी ती न पाहता वर ठेवून देतो. उतरताना ती याच रीतीने परत येते. कोणी कोणाला नाव विचारत नाही आणि कोणी नकारही देत नाही. या शहरातल्या अनोळखी माणसांमध्ये एवढा विश्वास दुसऱ्या कोणत्याच ठिकाणी मी पाहिलेला नाही. त्या संध्याकाळी दादा आतल्या बाजूला उभा होता आणि दादरला गर्दी आत आली तेव्हा त्याच्या हातून दोन-तीन बॅगा वर गेल्या. कोणत्या, कोणाच्या, किती जड, यातले त्याला काहीच आठवत नाही. समोरच्या माणसाच्या घड्याळाचा पट्टा आठवतो, कोणाच्या तरी छत्रीतून गळणारे पाणी आठवते, पण त्या बॅगा आठवत नाहीत.

अशा आघातानंतरची स्मृती अशीच असते, असे त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांनी समजावले. काही तुकडे अवाजवी स्वच्छ राहतात आणि मधला क्रम नाहीसा होतो. या आजाराला पीटीएसडी (आघातानंतरचा ताणविकार) हे स्वतंत्र नाव आणि निदानाचे निकष मिळाले ते १९८० मध्ये. तोपर्यंत जगभरच्या युद्धांतून परतलेल्यांना भित्रे किंवा हळवे म्हणून मोकळे होता येत असे. उपचारात दादाला तो प्रवास पहिल्यापासून, सावकाश, वर्तमानकाळात सांगायला लावत. मुंबई सेंट्रलपासून तो नीट येई आणि दादरला अडकत असे. तिथे कितीतरी बैठका गेल्या.

त्याला तिथून पुढे नेले ते औषधाने नव्हे, तपासाने. पोलिसांचे म्हणणे असे होते की बॉम्ब असलेल्या पिशव्या चर्चगेटलाच गाड्यांत ठेवल्या गेल्या. ३० सप्टेंबर २०१५ रोजी विशेष मोक्का न्यायालयाने पाच जणांना फाशीची आणि सात जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली, त्या दिवशी आमच्याकडे फाशीवर कोणी बोलले नाही. दादा एवढेच म्हणाला, “म्हणजे ती मी चढण्याआधीच वर होती.” ते वाक्य तो कित्येक वर्षे मनात जोडत होता, हे वहिनींना आणि मला तेव्हा कळले. त्यानंतर त्याची झोप सुधारली. स्वयंपाकघरातही तपासाचाच एक तपशील येऊन राहिला होता: स्फोटके प्रेशर कुकरमध्ये भरली होती असे सांगितले गेल्यापासून वहिनी भात पातेल्यात करतात. कुकरची शिट्टी दादाला आता धड ऐकूही येत नाही, तरीही.

आता उच्च न्यायालयाने म्हटले आहे की बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते हेसुद्धा सरकारी पक्षाला दाखवता आलेले नाही. कबुलीजबाब ग्राह्य धरता येत नाहीत, ओळख परेड सदोष होती, आणि शंभरेक दिवसांनी टॅक्सीचालक साक्षीदारांना एका फेरीतले चेहरे आठवतील हे विश्वासार्ह वाटत नाही. हे शेवटचे वाचताना मी थांबले. जिच्या भावाला स्वतःच्या हातातून गेलेल्या बॅगा आठवत नाहीत, तिने या तर्काशी कसे भांडावे? निर्दोष माणसे एकोणीस वर्षे तुरुंगात राहिली असतील तर त्यांचे काय गेले याचा अंदाजही मला करता येणार नाही, आणि ज्यांना फाशी सुनावली गेली होती त्यांच्या घरातल्या रात्री आमच्यापेक्षा हलक्या नसणार. न्यायालयावर रागावावे असे मला काही सापडले नाही. राग आहे तो या गोष्टीचा, की ज्या कथेवर एका आजारी माणसाने आपली झोप उभी केली, ती कथा पुरेशा काळजीने तपासली गेली नव्हती.

पिशव्या चर्चगेटला ठेवल्या गेल्या नाहीत, असेही न्यायालयाने म्हटलेले नाही. आरोप सिद्ध झाला की नाही, एवढेच पाहणे त्याचे काम होते. हे मी दादाला मंगळवारी समजावून सांगितले, श्रवणयंत्राच्या बाजूला बसून, हळू आणि स्पष्ट. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, “पण आता ते नक्की नाही.” ते नक्की नाही, हे खरेच आहे. जरी एखादी बॅग त्याच्या हातून गेली असली तरी त्यात त्याचा दोष काय, हे आम्ही सगळ्यांनी आणि डॉक्टरांनी त्याला अनेकदा सांगितले आहे, आणि त्यालाही ते पटते. पटल्याने ते थांबत नाही, एवढेच.

एका वाहिनीवरून त्याला फोन आला होता. ‘पीडित म्हणून तुमची भावना काय?’ असे विचारले, आणि उत्तरात एकतर संताप हवा होता किंवा क्षमा. तो म्हणाला, मला नीट ऐकू येत नाही, आणि फोन वहिनींकडे दिला. त्यांनी तो बंद केला.

राज्य सरकारच्या अपिलावर आता सर्वोच्च न्यायालयात सुनावणी होईल, आणि ती किती काळ चालेल हे कोणी सांगू शकत नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडची पुढच्या आठवड्यातली वेळ दादाने आज स्वतःहून घेतली. संध्याकाळी त्याने मला सांगून ठेवले आहे की तारखा, युक्तिवाद, कोण वकील काय म्हणाला, यातले काही त्याला कळवायचे नाही. मात्र अंतिम निकाल येईल तेव्हा मी तो पूर्ण वाचायचा, आणि पिशव्या कोणत्या स्थानकावर चढल्या याविषयी त्यात एखादी ओळ असेल, तर तेवढी ओळ त्याला दाखवायची.