हाफ क्लच

गाडी शिकायला बसलेला माणूस स्टिअरिंगला घाबरतो. वास्तविक स्टिअरिंग बिचारं सरळ असतं, फिरवाल तिकडं वळतं. खरी गंमत असते डाव्या पायाखालच्या क्लचमध्ये. ऑटोमॅटिक गाड्या आल्यापासून ती बऱ्याच जणांच्या वाट्यालाच येत नाही, याचं मला थोडं वाईट वाटतं.

मी शिकले ते सोलापूरच्या ऐन उन्हाळ्यात. सकाळी साडेसहाच्या बॅचसाठी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये वशिले लागायचे, कारण नऊ वाजले की सीट तापायची आणि मास्तर एसीच्या बटणाला हात लावू द्यायचे नाहीत. "पिकअप जातो ओ ताई, आधीच गाडी थकल्याय." जुळे सोलापुरातल्या आतल्या रस्त्यांवर आमचा वर्ग भरायचा. दूधवाले आणि फिरायला निघालेले आजोबा लाल 'एल' दिसला की आपणहून कडेला व्हायचे.

मास्तरांची शिकवण्याची पद्धत मला फार आवडली. पहिल्या दिवशी त्यांनी रेसला पायच लावू दिला नाही. गाडी सपाटीवर उभी, पहिला गिअर टाकलेला, ब्रेकवरून पाय काढलेला. आता क्लच सोडायचा, पण अगदी सावकाश. पाय वर येता येता एक जागा येते. इंजिनचा आवाज किंचित खाली बसतो, बोनेटच्या टोकाला बारीक थरथर सुटते, पाठ सीटला हलकेच टेकते. "हां, थांबा तिथंच. पाय हलवू नका. आता बघा, गाडी आपली आपण निघती." आणि खरंच निघते. पेट्रोलच्या पॅडलला स्पर्शही न करता एवढं धूड गोगलगाईसारखं पुढं सरकतं, तेव्हा जो आनंद होतो तो पुढं हायवेवर शंभरच्या वेगातही मिळत नाही.

त्यामागचं कारण नंतर कळलं. इंजिन चालू आहे म्हणजे ते नुसतं उभ्या उभ्याही मिनिटाला सात-आठशे फेरे घेत असतं. त्याच्या फार खाली ते जाऊच शकत नाही, गेलं की बंद पडतं. चाकं मात्र जागच्या जागी. या दोघांना जोडते क्लचप्लेट; म्हणून ती आधी फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चकतीवर, घासत, घसरत वेग पकडते आणि मग घट्ट चिकटून त्याच्याबरोबर फिरते. घसरण्याचे ते दोन-तीन क्षण म्हणजे हाफ क्लच. तिथंच रेंगाळलं की प्लेट तापते आणि जो वास सुटतो तो एकदा नाकात गेला की विसरत नाही.

लायसन्सच्या परीक्षेला आठ काढून दाखवायचा असतो, रिव्हर्स घ्यायचा असतो. ठीक आहे. पण सोलापूरकराची खरी परीक्षा होते 'सात रस्ता' चौकात. तिथं कुठून कोण येईल याचा नेम नाही आणि आलेला प्रत्येकजण आपलीच बाजू बरोबर असल्यासारखा बघतो. फर्स्ट, सेकंड, क्लच, पुन्हा फर्स्ट. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. एक दिवस असा येतो की हे सगळं करता करता आपण शेजारच्या सीटवरच्या माणसाशी भाजीच्या भावावर बोलत असतो. त्या दिवशी गाडी आली असं समजावं.

आमचे मास्तर फियाटवर तयार झालेले. फियाट म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी; तिचा गिअर खाली नसे, स्टिअरिंगच्या दांड्याला असे. त्याचं वर्णन करताना ते हवेत डावा हात असा फिरवायचे की समोर गाडी दिसायला लागे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी २०२३ साली रस्त्यावरून गेली, तेव्हा सगळ्यांनी हळहळून लिहिलं. पण पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद १८८२ साली जन्मले ते आमच्या सोलापुरात, हे इथल्याही किती जणांना ठाऊक असेल? वालचंद म्हटलं की आम्हाला कॉलेज आठवतं, ॲडमिशन आठवते. मोटार कुणाला आठवत नाही.

तशी मोटारींची हौस इथं कमी नाही. पुण्यात सिग्नलला शेजारी एमएच १३, म्हणजे सोलापूरची गाडी दिसली की काच खाली होतेच. गॅरेजमध्ये बसलं तर मिस्त्री पोऱ्याला तेलुगूत ओरडतो, स्पेअर पार्टवाल्याशी हिंदीत घासाघीस करतो आणि बिल मराठीत सांगतो. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवून झालं की पहिली फेरी अक्कलकोट, तुळजापूर नाहीतर पंढरपूर. यात देवभक्ती आहेच, पण ड्रायव्हरचं शिक्षणही आहे. अक्कलकोटला गिअर बदलायची पाळी कमी, पंढरपूरला वारीच्या दिवसांत गर्दीतून इंच इंच सरकायचं. तुळजापूरला घाट. घाट छोटाच, पण सपाटीवर वाढलेल्या आम्हा लोकांना पुरेसा. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुना ड्रायव्हरी कायदा मला तिथंच पटला. उतारावर सेकंड टाकून रेसवरून पाय काढला की इंजिनच गाडीला मागं धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे महाभाग अजून आहेत; त्यांच्या गाडीत मी बसत नाही.

ऑटोमॅटिकवर माझा राग नाही. रोज तासन्‌तास ट्रॅफिकमध्ये डावा पाय झिजवणाऱ्यानं ती जरूर घ्यावी. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडं एएमटी, म्हणजे गिअर आपोआप बदलणारी मॅन्युअल गाडी आली, त्यात तर क्लच असतोच, फक्त तो दाबायचं काम यंत्र करतं. माझं म्हणणं एवढंच की ती मजा मी यंत्राला देणार नाही.

गेल्या हिवाळ्यात मंगळवेढ्याकडं हुरड्याला गेलो होतो. रानाला नुकतंच पाणी दिलेलं, कडेची वाट ओली आणि माती काळी. पुढची चाकं जागेवर फिरायला लागली. सगळी मंडळी खाली उतरली आणि बाहेरून एकसुरात सुरू झाली, "रेस दे, रेस दे!" रेस दिली असती तर गाडी तिथंच पेरली गेली असती. मी काच वर केली, सेकंड टाकला आणि क्लच जेमतेम सोडला. चाकांनी हळूच जमीन धरली, गाडी कुरकुरत बाहेर आली. पुढं आगटीभोवती गरम कणसं चोळताना नणंदेचे मिस्टर सगळ्यांना समजावून सांगत होते, "मी म्हणलोच होतो, सेकंडला टाक म्हणून."