कणकुंबीपासून निपाणीपर्यंत: ट्रेलरची वीज आणि पंचवीस मीटर केबल

ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरला होता पण रानातली ओल अजून गेली नव्हती अशा दिवसांत, आम्ही चौघे जण जीपमागे मुक्कामाचा छोटा ट्रेलर जोडून बेळगावहून निघालो. कणकुंबी, हलशी, सौंदत्ती, गोकाक, हिडकल आणि निपाणी असा आठ दिवसांचा फेरा होता. या वाटेवर प्रत्येक जागेपाशी विजेचा खांब असलेला ट्रेलरतळ आम्हाला कुठेही भेटला नाही. वीज मिळते ती शेतकऱ्याच्या पडवीतील पॉइंटवरून, खानावळीच्या मागच्या भिंतीवरून किंवा विहिरीवरच्या पंपघरातून. त्यामुळे ट्रेलरची केबल निवडताना चांगला सॉकेट डोळ्यांपुढे ठेवून चालत नाही. वाटेत जो सर्वांत वाईट सॉकेट भेटेल त्याचा विचार करूनच ती घ्यावी लागते. हा वृत्तांत मुख्यतः त्या केबलचा आहे.

मागच्या वर्षी हिडकलच्या जलाशयाजवळ मुक्काम केला तेव्हा आमच्याकडे बाजारात मिळणारी चक्रीवरची तयार एक्स्टेन्शन होती. तिची तार १ चौरस मिलिमीटरची, म्हणजे दुकानात ज्याला ‘एक एमएम’ म्हणतात ती. पडवी जवळच असल्यामुळे पाचेक मीटर तार सोडून उरलेली सुमारे २० मीटर आम्ही चक्रीवरच ठेवली आणि १८०० वॅटच्या इंडक्शन शेगडीवर स्वयंपाक सुरू केला. अर्ध्या तासात चक्रीला हात लावता येईना, आणि उलगडायला गेलो तर आतल्या फेऱ्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या. त्याचा हिशेब सोपा आहे. १८०० वॅटला सुमारे ८ अँपिअर प्रवाह लागतो आणि तेवढ्या प्रवाहाने त्या जाडीच्या तारेच्या प्रत्येक मीटरमागे सुमारे अडीच वॅट उष्णता तयार होते. उघड्यावर पसरलेल्या तारेतून ती वाऱ्यावर निघून जाते. चक्रीवरच्या २० मीटरमध्ये मात्र ५० वॅट कोंडले जातात, म्हणजे प्लास्टिकच्या गठ्ठ्यात २५ वॅटच्या दोन सोल्डरिंग इस्त्र्या चालू ठेवल्यासारखेच होते. केबल कितीही जाड असली तरी वापरताना ती पूर्ण उलगडावी, हा धडा तिथे मिळाला.

परत आल्यावर मी मामांकडे गेलो. मामांनी सारे आयुष्य वायरिंगच्या कामात घालवले आहे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो भाराचा. आमच्याकडे ट्रेलरमध्ये एक शेगडी, एक किटली, १२ व्होल्टच्या बॅटरीचा चार्जर, दोन पंखे आणि दिवे आहेत. शेगडी आणि किटली एकाच वेळी लावायची नाही, असे ठरवले तर एकूण भार १० अँपिअरच्या आसपास राहतो. दुसरा प्रश्न लांबीचा होता. झाडाची सावली पाहून ट्रेलर उभा करायचा म्हटले की पडवीपासून २० मीटर अंतर सहज पडते, म्हणून २५ मीटर लांबी धरली. १ चौरस मिलिमीटरच्या २५ मीटर केबलमध्ये १० अँपिअरला जवळजवळ १० व्होल्ट वाटेतच खर्च होतात. दीडमध्ये साडेसहा, अडीचमध्ये ४ आणि चारमध्ये अडीच व्होल्ट. मामांनी अडीच एमएमची, तीन कोरची (म्हणजे आत तीन तारा असलेली), रबरी आवरणाची लवचिक केबल घ्यायला लावली. युरोपातील कॅरव्हॅनमध्येही साधारणपणे हेच माप, २५ मीटर आणि अडीच चौरस मिलिमीटर, वापरले जाते. चार एमएम घेतली असती तर विजेच्या दृष्टीने बरेच झाले असते, पण ती जड पडते आणि साध्या १६ अँपिअरच्या प्लगमध्ये नीट बसत नाही. रबरी केबल पीव्हीसीपेक्षा महाग आहे, परंतु थंडीत ती ताठरत नाही, चिखलातून ओढली तरी सोलवटत नाही आणि गुंडाळताना पीळ धरत नाही. पैसे वाचवायचे असतील तर ते दुसरीकडे वाचवावेत.

जोडणी मामांच्या देखरेखीखाली मी स्वतः केली. ट्रेलरच्या अंगावर निळ्या रंगाचा, झाकणाचा, १६ अँपिअरचा तीन पिनांचा इंडस्ट्रियल इनलेट, म्हणजे बाहेरची वीज आत घेणारी जोडणी, बसवला. त्यात पिना बाहेर दिसतात, म्हणून त्या बाजूला कधीही वीज उभी राहता कामा नये; केबलच्या ट्रेलरकडच्या टोकाला छिद्रांचा कनेक्टर आणि विजेकडच्या टोकाला पिनांचा प्लग हाच क्रम हवा. दोन्ही टोकांना पिना असलेली केबल करून देणारे लोक आहेत. तशी केबल घरात ठेवूसुद्धा नये. तपकिरी तार फेजला, निळी न्यूट्रलला आणि हिरवी-पिवळी अर्थला. प्रत्येक तारेच्या बारीक केसरांवर फेरूल, म्हणजे तांब्याची छोटी नळी, चढवून दाबले आणि मगच स्क्रू आवळला. केसरांवर कथील चढवून स्क्रूखाली देण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी दिसते, परंतु कथील दाबाखाली हळूहळू पसरते, स्क्रू सैल पडतो आणि सैल सांधा तापतो. आणखी एक बारकावा मामांनी हात धरून दाखवला: प्लगच्या आत हिरवी-पिवळी तार इतर दोन तारांपेक्षा बोटाच्या दोन पेरांएवढी लांब ठेवावी. कुणाचा पाय अडकून केबल ओढली गेलीच तर आधी फेज आणि न्यूट्रल सुटतात आणि अर्थ शेवटी सुटते. प्लगमध्ये केबल घट्ट धरणारी आवळपट्टी बाहेरच्या रबरावर बसली पाहिजे, आतल्या तारांवर नव्हे.

विजेकडच्या टोकाला प्लगनंतर लगेच एका बंद पेटीत ३० मिलिअँपिअरचा दोन पोलचा आरसीसीबी (प्रवाह जमिनीकडे गळू लागला की सुटून वीज तोडणारा) आणि १६ अँपिअरचा दोन पोलचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा) बसवला. दोन पोलचा म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा. ट्रेलरच्या आत असे संरक्षण असतेच, परंतु ते केबलच्या पुढे असते. आणि उघड्यावर, गवतात पडलेली २५ मीटर केबल हाच तर या साऱ्या जोडणीतील सर्वांत धोक्याचा भाग आहे. दोन पोल यासाठी की खेड्यातील सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे असणे नवलाचे नाही, आणि एकच पोल तोडणारा एमसीबी तशा ठिकाणी न्यूट्रल तोडून फेज तशीच ठेवतो. ट्रेलरच्या लोखंडी चौकटीला अर्थची जाड तार बोल्टने जोडली आणि मल्टिमीटरने प्लगच्या अर्थपिनेपासून चौकटीपर्यंतचा रोध मोजला. केबलचा स्वतःचा वाटा ०.२ ओहम असतो. एका ओहमच्या वर आकडा गेला तर कुठेतरी सांधा सैल आहे असे समजावे.

इतकी तयारी करूनही कणकुंबीच्या पहिल्याच रात्री चूक झाली. मलप्रभेच्या उगमाजवळच्या त्या गावात आम्ही पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि परतीच्या पावसाची एक सर येऊन गेली होती. घरमालकांच्या पडवीतला सॉकेट नवा, पांढरा शुभ्र दिसत होता. घाईत मी मीटर न लावता प्लग खोचला. दिवे लागले, बॅटरीचा चार्जर गुणगुणू लागला. दहा मिनिटांनी मुलगी चिखलाच्या चपला काढून, अनवाणी, ओल्या गवतात एक पाय ठेवून ट्रेलरच्या लोखंडी पायरीला धरून चढायला लागली आणि हात झटकून मागे सरकली. “बाबा, इथे झिणझिण्या येतात.” मी उलट्या बोटांनी पायरीला स्पर्श केला तेव्हा बारीक, मुंग्या चालल्यासारखी जाणीव झाली. आरसीसीबी मात्र शांत होता.

ट्रेलरचा मुख्य स्विच बंद करून मग पडवीतल्या सॉकेटला मीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२८ व्होल्ट होते, परंतु फेज आणि अर्थमध्ये, जिथे जवळपास तेवढेच दिसायला हवे होते, ९० च्या आसपास हेलकावणारा आकडा होता. घरमालकांना विचारले, “अण्णा, या पॉइंटला अर्थिंग आहे का?” ते सरळपणे म्हणाले, “अर्थिंग हाय की वो, पण गेल्या पावसात खालनं तुटलंय बघा.” चार्जरसारख्या उपकरणांत गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रलमधून अर्थकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ शाबूत असेल तर त्यांतून झिरपणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो. अर्थ तुटलेली असेल तर ट्रेलरची सारी चौकट अर्ध्या व्होल्टेजवर, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्टवर तरंगत राहते. तो प्रवाह एका मिलिअँपिअरहून कमी असल्यामुळे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी सुटत नाही, आणि त्या रात्री त्याने कुणाला इजाही केली नसती. परंतु एखाद्या उपकरणाची फेज खरोखरच चौकटीला लागली असती तर प्रवाहाला जमिनीकडे जायला मुलीच्या शरीराखेरीज दुसरी वाट नव्हती. आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण दाबले तर तो नेमका सुटत होता, कारण त्या बटणाला अर्थची गरजच नसते. बटण चालते म्हणजे अर्थ आहे असे मानणारे अनेक जण मी पाहिले आहेत, त्यांत त्या रात्रीपर्यंत मीही होतो.

मामांना फोन केला. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, सोबत दिलेली १.२ मीटरची तांब्याचा मुलामा असलेली खुंटी ट्रेलरजवळच्या ओल्या मातीत पूर्ण ठोकून चौकटीला जोडावी. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरवर सुटतो, त्यामुळे चौकटीवरचे व्होल्टेज ५० च्या आत राखायला जमिनीचा रोध सुमारे १६६० ओहमपेक्षा कमी असला की पुरते. ओल्या मातीत नीट ठोकलेल्या एका खुंटीला हे सहसा जड जात नाही. दुसरी गोष्ट मला सुचली नसती. खुंटी ठोकल्यावर पडवीतल्या अर्थपिनेशी आपली अर्थ जोडलेली ठेवली तर त्या घराची तुटलेली अर्थ आपल्या खुंटीवर येऊन बसते, आणि त्यांच्या फ्रिजचा किंवा मिक्सरचा दोष आपल्या ट्रेलरच्या पायरीवर उतरू शकतो. म्हणून अशा ठिकाणी वापरायला हातभर लांबीचा एक जोडतुकडा त्यांनी आधीच करून दिला होता, ज्यात अर्थची तार मुद्दाम जोडलेली नाही. त्यावर लाल टेप गुंडाळली आहे आणि खुंटी ठोकल्याशिवाय तो पेटीतून बाहेर काढायचा नाही, असा आमचा नियम आहे. खुंटी बसली, पायरीवरच्या झिणझिण्या गेल्या. सकाळी घरमालकांची अर्थिंगची तार मी स्वखुशीने पुन्हा जोडून दिली.

हलशीत काहीच अडले नाही. सॉकेट चांगला, अर्थ शाबूत, आणि कदंबकालीन मंदिरे पाहायला निवांत वेळ मिळाला. सौंदत्तीच्या वाटेवर एका शेतातील पंपघरात रात्रीपुरती वीज मिळेल असे कळले होते. सॉकेटच्या छिद्रांत मीटरच्या सुया घातल्या तर ३९२ व्होल्ट दाखवले. थ्री फेजच्या पेटीतून कुणीतरी न्यूट्रलऐवजी दुसरी फेज ओढली होती. प्लग खोचला असता तर चार्जर आणि दिवे तत्काळ गेले असते. पंपघरातून वीज घ्यावीच लागली तर मीटरशिवाय हात लावू नये, आणि थ्री फेज किती तास असते तेही आधी विचारून ठेवावे. आम्ही ती रात्र बॅटरीवर काढली.

गोकाकला धबधब्याजवळच्या कातळावर खुंटी चार बोटेही आत गेली नाही. काळ्या मातीत ती हातोड्याच्या दहा-बारा घावांत उतरली असती. तिथे दोनच पर्याय उरतात: सॉकेटची अर्थ मोजून खात्रीची निघाली तर ती वापरावी, नाहीतर वीज घेऊच नये. आम्हाला मिळालेल्या खानावळीत फेज-अर्थ २३१ आणि न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्ट निघाले, म्हणजे काम चोख होते.

हिडकलला संध्याकाळी सात वाजता व्होल्टेज १८७ वर आले. अशा वेळी किटली मंद चालते, पण चार्जर तेवढेच काम करण्यासाठी उलट जास्त प्रवाह ओढतो. ज्यांच्या ट्रेलरमध्ये एसी आहे त्यांनी तो त्या तासांत बंदच ठेवावा, कारण कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसर तापतो. बारीक केबलचे दहा व्होल्ट इथे खरे महाग पडतात.

निपाणीचा सॉकेट फसवा होता. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही अगदी सारखे, न्यूट्रल-अर्थ नेमके शून्य. शेगडी लावून भार दिला तरी शून्यच राहिले. खऱ्या अर्थिंगमध्ये भार पडला की एखाद-दोन व्होल्ट दिसतातच. इथे सॉकेटच्या आत न्यूट्रललाच अर्थपिनेशी तार मारलेली होती. बाहेर कुठे न्यूट्रल तुटले तर अशा सॉकेटमधून पूर्ण फेज ट्रेलरच्या चौकटीवर येते. लाल टेपचा तुकडा आणि खुंटी पुन्हा बाहेर निघाली.

केबल टाकताना ती गोठ्याच्या आणि उसाच्या ट्रॅक्टरच्या वाटेतून नेऊ नये, वळसा पडला तरी चालेल. इनलेटपाशी केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून वाहणारे पाणी कनेक्टरमध्ये न शिरता खाली ठिबकते. जोडताना एमसीबी बंद ठेवून आधी ट्रेलरकडचे टोक, मग सॉकेटचे, मग एमसीबी चालू. काढताना नेमके उलट. आम्ही प्लगजवळ एक छोटा युनिटमीटरही लावतो. कणकुंबीला दोन रात्रींत साडेसहा युनिटे झाली. अण्णा पैसे घेईनात, तेव्हा मीटरवरचा आकडा दाखवला आणि तेवढ्याचे पैसे त्यांनी ठेवून घेतले.