शेपटाकडचा गडी

मधल्या सुट्टीचं इतकं खरं चित्र माझ्या पाहण्यात दुसरं नाही. अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमरचं ‘स्नॅप द व्हिप’, १८७२ सालचं. अमेरिकेतलं एक खेडं, लाल रंगाची बुटकी शाळा, पुढे रानफुलांनी भरलेलं गवत आणि त्यात एकमेकांचे हात धरलेली पोरं. बहुतेक अनवाणी.

खेळ सोपा, आणि खरं सांगायचं तर जरा दुष्ट. हात धरून रांगेनं सुसाट पळायचं आणि एका टोकाच्या गड्यांनी अचानक टाचा रोवून थांबायचं. हिसका रांगेतून पुढे सरकतो, मधले गर्रकन वळतात आणि शेपटाकडचे भिरकावले जातात. आपल्या साखळीच्या खेळात गडी सापडला की साखळी लांबते. इथे ती तुटण्यातच मजा. चित्रातही डावीकडचे दोघे सुटलेत, तोल गेलाय. उजवीकडचे मागे रेलून, दातओठ खाऊन ओढ सोसतायत.

या चित्रापुढे ‘गेले ते दिवस’ म्हणून सुस्कारा टाकायची सोय आहेच. समीक्षक मात्र त्यात देश शोधतात. अमेरिकेचं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं, आणि ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकासाठी होमरनं त्याची चित्रं काढली होती. म्हणून धरलेले हात म्हणजे पुन्हा जोडलेलं राष्ट्र, सुटलेला हात म्हणजे न भरलेली जखम. पटतं, पण पोरांच्या खांद्यावर हे ओझं जरा जास्तच होतं.

मला साधा हिशोब छळतो. ही पोरं आठ-दहा वर्षांची धरली, तर ऐन युद्धात जन्मलेली. त्या युद्धात सहा लाखांवर माणसं गेली. यांतल्या कितींचे बाप घरी परतले असतील? आदल्याच वर्षी होमरनं ‘द कंट्री स्कूल’मध्ये असाच खेड्यातला वर्ग रंगवला, तिथे शिकवायला पुरुष नाही, एक तरुण बाई उभी आहे. हे एकदा डोक्यात आलं की उजवीकडच्या त्या पोरांच्या रोवलेल्या टाचा वेगळ्याच दिसायला लागतात. ऊन तेच, फुलं तीच, पण चित्राचा मूड पार पालटतो.

होमरनं हे चित्र दोनदा रंगवलं. ओहायोतल्या यंग्सटाउनच्या बटलर संग्रहालयातल्या मोठ्या चित्रात शाळेमागे डोंगर आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या छोट्या चित्रात डोंगर नाही, निळं आकाश मोकळं सोडलंय. दिवाणखान्यात लावायला आकाशवालं बरं, प्रसन्न वाटतं. माझं मत डोंगरवाल्याला. मोकळ्या आकाशाखाली ही पोरं पळत कुठंही जातील असं वाटतं. डोंगर मागे असला की कळतं, जाऊन जाऊन जाणार कुठे, घंटा झाली की त्याच लाल शाळेत!