तुम्ही विचारलंत म्हणून: सुंता केली की एचआयव्ही होत नाही का?

"ताई, सुंता केली की एड्स होत नाही, खरंय का हे?" कॉलेजमधलं लेक्चर संपलं की चिठ्ठीवर, लग्नात जेवणं उरकली की कोपऱ्यात नेऊन, कुठे कुठे हा प्रश्न येतो. आणि लगेच मागून दुसरा, मग आपल्याकडे का करत नाहीत सगळ्यांची? मी किसुमूमध्ये काही वर्षं याच कामात होते म्हणून मला विचारतात, आणि एका वाक्यात उत्तर दिलं तर ते चुकीचं होतं, म्हणून आज सगळं लिहितेय.

किसुमू म्हणजे केनियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर. किनाऱ्यावर ओमेना नावाची बारीक चंदेरी मासळी वाळत घातलेली असते, वास थेट आपल्या सुकटीचा, पहिल्या दिवशी मला घरचीच आठवण आली. तिथले लुओ लोक परंपरेने सुंता करत नाहीत. त्यांच्यात पूर्वी वयात येताना खालचे सहा दात काढायचे. आमच्या क्लिनिकच्या गेटवर एक म्हातारे वॉचमन बसायचे, हसले की ती सहा दातांची मोकळी जागा दिसायची, ते म्हणायचे आमची खूण तोंडात असते, खाली नसते. आणि शेजारच्या बऱ्याच जमातींत सुंता म्हणजे पुरुष झाल्याची खूण, त्यामुळे लुओंना यावरून राजकारणातसुद्धा "तुम्ही अजून पोरंच" असं हिणवलं जायचं. २००८ च्या सुरुवातीला निवडणुकीनंतर दंगली झाल्या तेव्हा काही लुओ पुरुषांना धरून जबरदस्तीने त्यांची सुंता केली गेली. त्याच वर्षी त्याच भागात सरकारने सुंतेचा कार्यक्रम सुरू केला, आणि पंतप्रधान रायला ओडिंगा, जे स्वतः लुओ, त्यांनी जाहीरपणे पाठिंबा दिला. कार्यक्रमाच्या नावातच स्वेच्छेने हा शब्द होता. तो तिथे किती जड शब्द होता ते मला त्या वॉचमनबाबांमुळे कळलं.

आता पुरावा. लोकांना वाटतं हे सगळं आफ्रिकेतूनच आलं, पण यात आपलं पुणंही आहे. नव्वदच्या दशकात पुण्यातल्या गुप्तरोगाच्या क्लिनिकांत येणाऱ्या २,२९८ पुरुषांचा नारी म्हणजे पुण्यातल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लोकांबरोबर पाठपुरावा केला, कोविडमध्ये टीव्हीवर रोज दिसायचे ते डॉ. रमण गंगाखेडकर त्या टीममध्ये होते. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते आलं. सुंता झालेल्यांमध्ये एचआयव्हीचा धोका खूपच कमी, साधारण सातवा हिस्सा. यावर कोणीही म्हणेल की सुंता झालेले बहुतेक मुसलमान, त्यांचं वागणंच वेगळं असेल. पण गंमत बघा, त्याच पुरुषांमध्ये गनोरिया, सिफिलिस, हर्पिस काही कमी नव्हते! वागणूक वेगळी असती तर तेही कमी दिसले असते ना. म्हणजे कारण शरीरातच होतं. पुढच्या कातडीची आतली बाजू पातळ, ओलसर असते आणि एचआयव्ही ज्या पेशींना पकडतो त्या तिथे अगदी वरच्या थरात असतात. ती कातडी गेली की व्हायरसला शिरायची मुख्य जागाच कमी होते.

तरी नुसतं निरीक्षण पुरेसं नव्हतं. मग तीन मोठ्या ट्रायल झाल्या, दक्षिण आफ्रिकेत ऑरेंज फार्म, युगांडात राकाई आणि केनियात किसुमू. ऑरेंज फार्मचा निकाल २००५ मध्ये आला, तिथे धोका साधारण ६० टक्क्यांनी कमी झाला. किसुमूत १८ ते २४ वयाची २,७८४ पोरं होती, चिठ्ठी काढावी तसे दोन गट केले, अर्ध्यांची सुंता लगेच, अर्ध्यांची नंतर. दोन वर्षांत सुंता झालेल्यांत २२ जणांना लागण झाली, दुसऱ्या गटात ४७ जणांना. फरक इतका स्पष्ट होता की डिसेंबर २००६ मध्ये किसुमू आणि राकाईच्या ट्रायल मध्येच थांबवल्या आणि थांबलेल्या गटालाही सुंता देऊ केली. मार्च २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली.

मी पोचले ते नंतर, कार्यक्रम सुरू झाल्यावर. माझं काम ऑपरेशनचं नव्हतं. आलेल्या पोराला नक्की काय कळलंय ते तपासायचं आणि नंतर तो कसा आहे ते बघायचं. फॉर्मवर एक प्रश्न होता, सुंतेनंतर कंडोम लागत नाही, खरं की खोटं. एकोणीस वर्षांचा एक पोरगा, बोडाबोडा म्हणजे मोटरसायकल टॅक्सी चालवायचा, तीनदा खरं म्हणाला. त्याला टक्के कळेनात. मग मी टेबलावर मक्याचे शंभर दाणे मांडले. म्हटलं हे तुझ्यासारखे शंभर, सुंता न केलेले. दोन वर्षांत यातल्या चौघांना लागण झाली, आणि चार दाणे बाजूला काढले. सुंता केलेले असतील तर दोन. तो बराच वेळ बघत बसला, मग त्या दोन दाण्यांवर बोट ठेवून म्हणाला, यांनीपण कापून घेतलं होतं ना?

हो रे बाबा, घेतलं होतं. त्या दिवशी त्याने सही केली नाही, मी त्याला घरी पाठवलं, पंधरा दिवसांनी मोठ्या भावाला घेऊन आला आणि या वेळी "खोटं" म्हणाला. त्यानंतर मी प्रत्येकाला दाणेच दाखवले.

आणि सहा आठवडे, म्हणजे बेचाळीस दिवस, जखम पूर्ण भरेपर्यंत संबंध ठेवायचे नाहीत हे मी इतक्यांदा सांगितलंय की झोपेतसुद्धा सांगेन. जखम ओली असताना धोका उलट वाढतो. राकाईत ज्यांना आधीच एचआयव्ही होता त्या पुरुषांची सुंता करून पाहिली तर त्यांच्या बायकांना काहीच संरक्षण मिळालं नाही, आणि जखम भरायच्या आत संबंध आलेल्या जोडप्यांत बायकांचा धोका जास्त दिसला. हे कोणी विचारत नाही म्हणून मी मुद्दाम सांगते, सुंतेचं थेट संरक्षण त्या पुरुषाला आहे, त्याच्या बायकोला नाही.

मग आपल्याकडे का नाही? ते दाणेच परत मांडा. किसुमूच्या भागात तेव्हा साधारण सात मोठ्या माणसांमागे एकाला एचआयव्ही होता. भारतात पाचशेत एक. तिथे पन्नासेक जणांची सुंता केली की दोन वर्षांत एक लागण टळायची, इथे त्यासाठी हजारोंची करावी लागेल, तेवढी ऑपरेशनं, तेवढी इन्फेक्शनं, तेवढा खर्च. शिवाय आपल्याकडची साथ बरीचशी नशेच्या सुया, वेश्याव्यवसाय, पुरुष-पुरुष संबंध आणि या सगळ्यांच्या जोडीदारांमध्ये आहे, सुईला कातडीचा काय संबंध? आणि ज्या देशात दंगलीत पुरुषाची पँट उतरवून धर्म तपासला गेलाय तिथे सरकारने ही मोहीम काढावी असं मला अजिबात वाटत नाही. कोणाला फायमोसिस असेल, म्हणजे कातडी मागे जात नसेल, त्याने डॉक्टरच्या सल्ल्याने जरूर करावी, तो वेगळा विषय.

गेल्या महिन्यात एका लेक्चरनंतर एक पोरगा सगळे जाईपर्यंत थांबला. सुंता करून घेऊ का, एवढंच विचारलं, हात थरथरत होते. मी विचारलं, काही झालंय का, कधी? म्हणाला, परवा रात्री. म्हणजे ७२ तास अजून झाले नव्हते, तेवढ्यात गोळ्या सुरू केल्या तर लागण टळू शकते! त्याला तसंच रिक्षात घालून सरकारी हॉस्पिटलच्या एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, नेलं, डॉक्टरांनी तपासून लगेच गोळ्या सुरू केल्या. २८ दिवसांचा कोर्स आहे, एकही चुकवायची नाही. रोज रात्री गोळी घेतली की मला मेसेजमध्ये नुसता आकडा पाठवतो. काल एकोणीस आला.